गावच्या शाळेचा निकाल जाहीर करताना : अंशाबरोबर छेदही लिहा

शिरपूर तालुक्यातल्या एका गावातून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष ताईंनी प्रश्न पाठवला आहे. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. शेजारच्या मोठ्या गावातली खासगी शाळा दरवर्षी बसस्टँडवर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावते आणि गावातली पोरं हळूहळू तिकडे चालली आहेत. ग्रामसभेत सूचना आली की आपल्या शाळेचाही निकाल, मुलांच्या नावांसकट, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. मुख्याध्यापकांनी नकार दिला. कोणाचं बरोबर, आणि लावायचंच तर काय लावायचं, असं ताई विचारतात.

ताई, मुख्याध्यापकही बरोबर आहेत आणि ग्रामसभाही. मुलांची नावं लावता येणार नाहीत. आणि शाळा कशी चालली आहे, हे गावाला कळलंच पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आधी केंद्रप्रमुख आणि पुढे विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी शाळांची माहिती गोळा करण्यात, तपासण्यात आणि वर पाठवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, शाळेचा आकडा नुसता वर जात राहिला तर त्याला कोणी हटकत नाही. तोच आकडा गावात वाचला जायला लागला की सुधारायला लागतो. म्हणून तुमच्या ठरावाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त त्यात काय घ्यायचं आणि काय वगळायचं, हे आधी ठरवून घ्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे तुमच्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, विकास आराखडा तयार करणं, अनुदानाचा वापर पाहणं ही समितीची कामं आहेत. देखरेख करायची तर माहिती लागणारच, तेव्हा ती मागताना संकोच नको. त्याच कायद्याचं कलम २४ शिक्षकावर जबाबदारी टाकतं की त्याने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी. इथे 'पालकांना' म्हटलं आहे, गावाला नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सरकारी संस्थांनी स्वतःहून माहिती जाहीर करावी असं सांगतं, पण त्याच कायद्याचं कलम ८ व्यक्तीच्या खासगी माहितीला आडोसा देतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. आधार क्रमांक तर जाहीरपणे लावताच येत नाही. म्हणजे हिशेब साधा आहे : शाळेची माहिती गावाची, मुलाची माहिती त्याच्या आईबापाची.

आता फलकावर काय लावायचं याच्याआधी एक काम करा. तुमच्या शाळेबद्दलची बरीच माहिती आजही जाहीर आहे, गावात कोणी ती पाहिलेली नसते इतकंच. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे : नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. मग तालुका, गाव आणि शेवटी शाळा. शाळांच्या माहितीची ही सरकारी नोंद १९९४-९५ च्या सुमारास 'डायस' नावाने सुरू झाली, २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिक एकत्र होऊन 'यू-डायस' झाली आणि २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या पानावर क्रमांक टाकला की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं : वर्गवार पट, शिक्षक किती, खोल्या किती, मुलींची शौचालयं किती, वीज आहे का, पाणी आहे का. ते पान छापून घ्या आणि समितीची पुढची बैठक त्या कागदासह शाळेत फिरून करा.

हे मी मुद्दाम सांगतोय. एका पाड्यावरच्या शाळेत समितीच्या बायकांना घेऊन आम्ही असं फिरलो होतो. कागदावर मुलींची शौचालयं दोन, दोन्ही 'वापरात'. एकाला कुलूप, आत पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती आणि मोडकी बाकं. दुसऱ्याचं दार बिजागरीतून सुटलेलं. 'हात धुण्याची सोय : आहे.' नळांची रांग होती, वरची टाकी कोरडी. मुख्याध्यापक खोटारडे होते असं मुळीच नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मागच्या वर्षीचा फॉर्म पुढे ओढला गेला होता, कारण तो फॉर्म कोणी वाचेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्या बायकांनी कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या, सरपंचांना बोलावलं, ग्रामपंचायतीच्या निधीतून टाकीला पाइप आला. पुढच्या वर्षीचा फॉर्म समितीसमोर भरला गेला. माहिती जाहीर करण्याचा पहिला फायदा हाच : ज्या गावाबद्दल ती आहे त्या गावाने ती तपासली, की ती खरी होते.

आता निकालाकडे येऊ. तुम्हाला छळतोय तो शंभर टक्क्यांचा फ्लेक्स. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. अंश सगळे छापतात, छेद कोणी छापत नाही. माझं सगळं म्हणणं या छेदाभोवतीच आहे.

दहावीचंच घ्या. धुळे, नंदुरबार, जळगाव हे जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात आणि शाळेचा निकाल मंडळ काढतं, त्यामुळे तो आकडा खोटा नसतो. पण तो फक्त परीक्षेला बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांचा असतो. नववीत कच्ची वाटणारी मुलं दहावीच्या पटावर येऊच नयेत याची सोय काही ठिकाणी आधीच झालेली असते. कुणाला नववीत बसवून ठेवतात. कुणाच्या वडिलांना बोलावून सांगतात, "पोराचा दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा." सतरा नंबरचा फॉर्म ही खरं तर शाळा सुटलेल्यांसाठीची चांगली सोय. निकालाचा आकडा राखण्यासाठी तो वापरला की चाळीस मुलांचा वर्ग तीस मुलांचा होतो, तीसच्या तीस पास होतात, आणि फ्लेक्सवर शंभर टक्के येतात. ते खरंही असतं.

हे तपासायला कुणाशी भांडण्याची गरज नाही. त्या शाळेच्या यू-डायस पानावर दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट पाहा आणि यंदा दहावीला नियमित किती बसले ते पाहा. फरक सगळाच संशयास्पद नसतो, हेही लक्षात ठेवा. कुणी गाव बदलतं, कुणी आयटीआयची वाट धरतं, कुणा पोरीचं लग्न लावून दिलेलं असतं, आणि तो तर वेगळाच गंभीर प्रश्न आहे. पण पालकाने शाळेत पोर घालण्याआधी एवढं विचारावं : "तुमच्याकडे आठवीत किती होते, त्यातले किती तुमच्याच शाळेतून दहावी पास झाले?" उत्तर द्यायला जी शाळा तयार आहे तिच्यावर मी विश्वास ठेवीन, मग तिचा निकाल ८२ टक्के असला तरी.

छेदाचा दुसरा प्रश्न आपल्या खानदेशचा खास आहे. वर्षानुवर्षं शाळेचा पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, तीही त्या पटावर. आता सातपुड्याच्या पायथ्याची गावं डोळ्यांसमोर आणा : तुमच्या तालुक्याचा उत्तर भाग, तिकडे धडगाव, अक्कलकुवा, इकडे चोपडा, यावल. ३० सप्टेंबरला घरं भरलेली असतात. दसरा-दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातकडे ऊसतोडीला जातात, कुणी वीटभट्टीवर, कुणी कापूस वेचायला. जाताना लहान भावंडं सांभाळायला म्हणून पोरीलाही नेतात. हंगामी वसतिगृह झालं, तर काही मुलं गावात राहतात. मागे वर्ग निम्मा रिकामा. कागदावर मात्र पट वर्षभर तोच.

आता याला मोठ्या सर्वेक्षणांच्या तारखा जोडा. मुलं किती शिकली हे देशभर मोजणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं १२ नोव्हेंबर २०२१ ला. त्याच प्रकारचं 'परख' या केंद्रीय यंत्रणेचं सर्वेक्षण झालं ४ डिसेंबर २०२४ ला, तिसरी, सहावी आणि नववीचं. म्हणजे ज्या दिवसांत आपल्या भागातली सगळ्यात गरजू मुलं उसाच्या फडात असतात, नेमक्या त्याच दिवसांत मोजणी होते. जी राहिली त्यांचंच मोजमाप झालं. जिल्ह्याचा आकडा आला, पेपरात छापून आला, त्यावर बैठका झाल्या, पण त्यात किती मुलं मोजलीच गेली नाहीत, यावर चर्चा झालेली मी फारशी ऐकली नाही. शासनावर हा आरोप म्हणून लिहीत नाही. देशभराची परीक्षा एका दिवशी घ्यायची तर कुठलीतरी तारीख धरावी लागते. पण गावाने आपल्या फलकावर ही चूक पुन्हा करू नये.

पट फुगवण्याचा इतिहासही ताईंनी लक्षात घ्यावा, म्हणजे शिक्षक आकड्यांना का घाबरतात ते कळेल. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. महसूल आणि इतर खात्यांची माणसं एकाच वेळी शाळांत गेली, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. ती खोटी नावं कशासाठी होती? शिक्षण हक्क कायद्याच्या मापाने ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ झाले की तिसरा. पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरणार. आजही वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं काय होणार ही टांगती तलवार आहेच. आकड्यावर ज्याची नोकरी आणि ज्याची शाळा अवलंबून, त्याच्याच हातात आकडा भरायची लेखणी दिली की आकडा वाकतो. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला तेव्हा हेतू फार चांगला होता, प्रत्येक मूल शिकावं हाच. त्यातून शिक्षकांनी जिवापाड काम केलेलं मी पाहिलं आहे. पण जिथे शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, उभं करून 'तुमची शाळा प्रगत का नाही' असं विचारलं गेलं, तिथे पुढच्या चाचणीत ती प्रगत झालीच. वर्गात जाऊन धडा वाचायला दिला की कळायचं, किती झाली ते. म्हणून माझी विनंती आहे : गावाने पाहिलेला आकडा शिक्षकाला झोडपण्यासाठी वापरायचा नाही, हे ठरावातच लिहा. नाहीतर दुसऱ्याच वर्षी तुम्हाला हवा तो आकडा मिळेल आणि मुलं होती तिथेच राहतील.

लहान शाळेचं गणितही समजून घ्या. पाचवीत आठ मुलं असतील तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. तपासणीच्या दिवशी एक हुशार पोरगी मामाच्या गावी गेली आणि एक पोर तापाने घरी राहिला, की निकाल पंचवीस टक्क्यांनी 'घसरला'. त्यात शिक्षकाचा काहीही संबंध नाही. म्हणून लहान शाळेने टक्केवारी लिहूच नये. सरळ मुलांची संख्या लिहावी, दोन-तीन वर्ग एकत्र करून लिहावी आणि मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवावेत.

यातच नाव न लिहिता नाव फोडण्याचा धोका आहे. तुम्ही लिहिलंत, 'इयत्ता चौथी, मुली तीन, वाचता न येणारी एक.' नाव कुठे आहे? पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं ती कुणाची मुलगी. जातीनिहाय किंवा दिव्यांग मुलांचे वेगळे रकाने केले तर आणखी वाईट. गावात तसं एकच मूल असतं. मी पाळत आलेला नियम असा : ज्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत तो गट फलकावर वेगळा दाखवायचा नाही, आणि एखाद्या रकान्यात दोन-चारच मुलं उरली तर तो शेजारच्या रकान्यात मिसळायचा.

मग फलक दिसेल कसा? उदाहरणादाखल आकडे देतो. 'इयत्ता तिसरी ते पाचवी. ३० सप्टेंबरचा पट ४१. तपासणीच्या दिवशी हजर ३३. कुटुंबासह बाहेरगावी किंवा इतर कारणाने गैरहजर ८. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचणारे १४. साधा परिच्छेद वाचणारे ९. शब्दांपर्यंत किंवा त्याखाली १०.' खाली वजाबाकी आणि भागाकाराचं तसंच. त्याखाली शाळेचं : मंजूर शिक्षक किती, हजर किती, गेल्या तीन महिन्यांत अशैक्षणिक कामाला शिक्षक किती दिवस गेले, शाळा प्रत्यक्ष किती दिवस भरली, पोषण आहार किती दिवस शिजला, अनुदान किती आलं, कशावर खर्च झालं. मुलाला वाचता येत नाही एवढंच लिहायचं आणि दोन शिक्षकांची जागा वर्षभर रिकामी आहे हे लिहायचं नाही, हा अन्याय आहे. फलकावर मुलांचा निकाल लागतो तसा पंचायत समितीचाही लागला पाहिजे.

वाचनाची ही पातळी ठरवायला नवीन परीक्षा काढू नका. 'असर'ची पद्धत वापरा. प्रथम संस्थेने २००५ पासून चालवलेलं हे सर्वेक्षण मुलांना शाळेत न तपासता घरोघरी जाऊन तपासतं. जिल्ह्यातली तीस गावं, प्रत्येक गावातली वीस घरं. मुलाला आधी परिच्छेद देतात. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, अडला तर शब्द, मग अक्षरं. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकाने भाग. एका मुलाला थोडीच मिनिटं लागतात. घरोघरी गेल्याचा मोठा फायदा तुम्हाला असा की खासगी शाळेत जाणारी, आश्रमशाळेतून सुटीवर आलेली आणि शाळाच सोडलेली, सगळी मुलं मोजली जातात. गावातली बारावी झालेली पाच-सात मुलं-मुली तयार करा. घरात शिरताना परीक्षा घ्यायला आलोय असा आव नको. "तुमना पोऱ्याले वाचता येस का?" एवढं अहिराणीत विचारलं तरी आई सांगते, "येस, पन आडखयस." तिला सगळं माहीत असतं, तिला फक्त कुणी विचारलेलं नसतं.

पावरा आदिवासींची वस्ती असेल तर विचारणारा पावरी बोलणारा हवा. पहिलीत आलेल्या पावरा किंवा भिल्ल मुलाच्या घरची भाषा मराठी नसते. त्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या मराठी वाचनाची तुलना शिरपूर शहरातल्या मुलाशी करणं मला पटत नाही. त्याची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा.

हीच गोष्ट जिल्ह्यांनाही लागू आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सगळ्यात कमी. लोकसंख्येत आदिवासी ६९ टक्क्यांच्या वर. २०१८ पासून तो मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या 'आकांक्षित जिल्हे' कार्यक्रमात आहे आणि त्याची क्रमवारी लागत असते. त्या कार्यक्रमाची एक गोष्ट मला मनापासून आवडते : जिल्हा कुठे आहे यापेक्षा मागच्या महिन्यापेक्षा किती पुढे सरकला, याला तिथे किंमत आहे. गावच्या फलकालाही तीच पट्टी लावा.

खासगी शाळेशी तुलनेचा मोह मी समजू शकतो. पण तिकडे जाणाऱ्या मुलांच्या घरी फी भरायची ऐपत आहे, शिकवणी आहे, अनेकदा शिकलेली आई आहे. मुलांच्या वाचनातला सगळाच फरक शाळेने पाडलेला नसतो. तुमच्या घरोघरी तपासणीचा निकाल शाळेच्या नावानिशी वाटू नका. गावातल्या सगळ्या मुलांचा एकत्र लावा. पोरं कुठेही शिकत असली तरी गावचीच आहेत.

ताईंच्या मनात असेल, एवढं करून उपयोग होतो का? अभ्यास झाले आहेत आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी प्रथमबरोबर प्रयोग केला. गावसभा घेऊन शाळेची, समितीच्या हक्कांची, मुलांच्या पातळीची माहिती दिली. त्याने ना पालकांचा सहभाग वाढला, ना मुलांचं शिकणं. पण जिथे गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवलं, तिथे वर्गाला आलेली मुलं वाचायला लागली. पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये ११२ गावांत वेगळा प्रयोग झाला. निम्म्या गावांत पालकाला दोन कार्डं दिली : एकावर त्याच्या मुलाचे गुण, दुसऱ्यावर गावातल्या सगळ्या शाळांची सरासरी. मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली. वेल्सने २००१ मध्ये शाळांचे निकाल क्रमवार छापणं बंद केलं, इंग्लंडने चालू ठेवलं. पुढे अभ्यासात दिसलं की इंग्लंडच्या तुलनेत वेल्सचे निकाल घसरले. म्हणजे झाकून ठेवणं हा काही मुलांच्या हिताचा मार्ग नाही.

मी यातून असं घेतो : नुसता आकडा ऐकवून माणूस हलत नाही. त्याला आपल्या मुलाचं काय ते कळलं पाहिजे आणि उद्या सकाळी काय करायचं तेही कळलं पाहिजे. म्हणून फलक लावण्याच्या दिवशीच रोज तासभराचा वाचनवर्ग कुठे, कोण आणि किती वाजता घेणार, हे ठरलेलं असू द्या. आणि प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाची एक चिठ्ठी हातात द्या. निरक्षर आईला शिक्षकाने समोर बसून, मुलाला वाचायला लावून दाखवावं, इतर पालक ऐकत नसताना.

यावरून चावडी वाचनाबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या ठरावात कुणीतरी ते सुचवेलच. गावासमोर मुलांनी मोठ्याने वाचायचं, हा उपक्रम राज्यात बऱ्याच ठिकाणी होतो आणि त्यात उत्साह असतो हे खरं. गट करून, हौसेने, सगळ्यांनी मिळून वाचलं तर उत्तमच. पण अडखळणाऱ्या पोराच्या हातात माइक देऊन त्याच्या काकांसमोर, मामांसमोर उभं करणं म्हणजे त्याचा निकाल नावासकट फलकावर लावणंच आहे. असा एकदा लाजलेला मुलगा दुसऱ्या दिवशी बैलांमागे जातो. आणि फक्त दोन हुशार मुलांना पुढे केलं तर गावाला शाळेबद्दल काहीच कळत नाही. त्यामुळे तपासणीसाठी चावडी वाचन वापरू नका.

आता त्या गोष्टीकडे येतो जिची मला फलकापेक्षा जास्त काळजी वाटते. तुम्ही फलकावर नाव लावू की नको हा विचार करताय, पण तुमच्या मुलांची नावं आज कुठेकुठे फिरत असतील याची कल्पना आहे का? 'माहिती तात्काळ सादर करावी' असा निरोप केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. मुख्याध्यापक एक्सेलची फाइल टाकतात : मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल. त्या ग्रुपमध्ये चाळीस-पन्नास माणसं. त्यातला कुणी बदलून गेलेला, कुणी निवृत्त, कुणाचा मोबाइल पोरगा खेळायला घेतो. शिष्यवृत्तीच्या याद्या खाते क्रमांकासकट शाळेच्या भिंतीला चिकटवलेल्या असतात. ज्या शाळेत नेट चालत नाही तिथले गुरुजी नाइलाजाने तालुक्याच्या कॅफेत जातात आणि तिथल्या मुलाला लॉगिन-पासवर्ड लिहून देतात. तो कागद तिथेच काचेखाली राहतो. एका गावात पालकांना 'शिष्यवृत्ती आली आहे, ओटीपी सांगा' असे फोन आले होते. फोन करणाऱ्याला मुलाचं नाव, इयत्ता आणि शाळा सगळं माहीत होतं. कुठून कळलं, हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

शिक्षकांना दोष देऊन हे थांबणार नाही, माहिती मागणाऱ्याने मागण्याची रीत बदलली पाहिजे. पण समिती एवढं आजच करू शकते. भिंतीवरच्या अशा सगळ्या याद्या काढा. शिष्यवृत्तीची यादी लावायचीच असेल तर नाव आणि 'मंजूर' एवढंच. मुलांच्या याद्या कुठल्याही ग्रुपवर टाकायच्या नाहीत. संबंधित कर्मचाऱ्याला एकट्याला, मागणीचं लेखी पत्र असेल तरच. पासवर्ड बाहेरच्या माणसाला दिला असेल तर तो बदला. 'अपार' क्रमांकासाठी, म्हणजे मुलाच्या शैक्षणिक नोंदींच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, पालकाची सही घेताना कशाची सही आहे ते त्याच्या भाषेत सांगा. आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे; पाड्यावरच्या पालकांना हे मुद्दाम सांगा, कारण ते न विचारताच परत फिरतात.

हुशार मुलांच्या फोटोंचे फ्लेक्सही पालकाला विचारूनच लावा. मुलीचा फोटो, पूर्ण नाव आणि गाव चौकात टांगण्याआधी तिला स्वतःलाही विचारा. कौतुक करायला हरकत नाही, वर्गात करा, सभेत करा.

वेळ कोणती धरावी? ग्रामसभा तुमच्याकडे १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि १ मे ला होतातच. पहिला फलक २ ऑक्टोबरला लावा, कारण ३० सप्टेंबरचा पट ताजा असतो आणि घरं अजून गावात असतात. दुसरा २६ जानेवारीला, ज्यात त्या दिवसांतली प्रत्यक्ष हजेरी असेल. त्या दोन आकड्यांमधली तफावत हीच हंगामी वसतिगृहाच्या मागणीची तुमची सगळ्यात भक्कम बाजू. १ मे ला बाहेरगावची कुटुंबं परतू लागलेली असतात, तेव्हा परतलेल्या मुलांची फेरतपासणी करून जूनचे वर्ग त्यावर बेता.

ग्रामसभेच्या ठरावात एवढा मजकूर पुरे : 'शाळेची पटसंख्या, प्रत्यक्ष हजेरी, वाचन-गणिताच्या पातळीनुसार मुलांची एकत्रित संख्या, शिक्षकांची मंजूर व रिक्त पदे, शाळा भरल्याचे दिवस आणि अनुदानाचा खर्च वर्षातून दोनदा ग्रामपंचायत फलकावर लावण्यात येईल. या माहितीसोबत कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव, फोटो, जात, आधार किंवा खाते क्रमांक लावण्यात अथवा समाजमाध्यमावर पाठवण्यात येणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची प्रगती फक्त त्याच्या पालकास सांगण्यात येईल. या माहितीवरून कोणत्याही शिक्षकावर कारवाईची मागणी करण्यात येणार नाही. रिक्त पदे व सोयींबाबत पंचायत समितीकडे पाठपुरावा करण्यात येईल.' ठरावावर मुख्याध्यापकांचीही सही घ्या. एक प्रत केंद्रप्रमुखांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हींची पोच समितीच्या फाइलला लावा.